संगणकाची पडवी



आपल्या माणदेशात घर मोजावयाचे ते खणांवर. तीन खणांचे घर, पाच खणांचे घर, असे आपण म्हणतो. घरात माणसे वाढली, थोरल्याचे लग्न झाले, म्हणजे कोणी जुने माळवद पाडून नवे घर बांधीत नाही. भिंतीला एक दार पाडतात आणि पडवी काढतात. पडवीला स्वतःचे छप्पर असते, प्रसंगी स्वतःची चूलही असते; पण तिची ये-जा जुन्या घरातून होते आणि घर एकच राहते. आजच्या व्याख्यानाचा विषय नावाने परका वाटेल, परंतु गोष्ट हीच आहे. संगणकाच्या आत जागा उरली नाही, म्हणजे त्याच्या बाहेर दुसरी पेटी ठेवावयाची, तीत नवी कार्डे बसवावयाची आणि एका केबलने ती मूळ यंत्राला जोडावयाची. ह्या युक्तीचा इतिहास मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने ह्या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. माझे शाळेतले शिक्षण थोडे. बाकीचे झाले ते मागाच्या शेडमध्ये आणि सार्वजनिक वाचनालयात. कारखान्यात नवे यंत्र येते तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारतो, ह्याने किती माणसे घटतील? तो प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न आहे. हे यंत्र उघडावयाचे कोणी, दुरुस्त करावयाचे कोणी आणि त्यात भर घालावयाची कोणी? हे तीन अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती यंत्र. मग पावती कोणाच्या नावाची का असेना. संगणकाच्या इतिहासात ह्या दुसऱ्या प्रश्नाची लढाई फार स्पष्ट दिसते, म्हणून तो इतिहास कामगाराने वाचावा असे मला वाटते.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. संगणकाचे कॅबिनेट उघडले की आत एक मोठी हिरवी पाटी दिसते. तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर लांबट खाचा असतात. चित्र दाखविणारे, आवाज काढणारे, तारांनी दुसऱ्या यंत्राशी बोलणारे, अशी निरनिराळ्या कामांची कार्डे ह्या खाचांत बसतात. जुन्या संगणकांत सर्व खाचा एकाच सामाईक मार्गाने मेंदूशी जोडलेल्या असत. त्या मार्गाला इंग्रजीत ‘बस’ म्हणतात, आणि नाव चपखल आहे. आपली एसटी जशी प्रत्येक थांब्यावर उभी राहते, चढणारा चढतो, उतरणारा उतरतो, तसाच हा मार्ग प्रत्येक कार्डाची माहिती घेई आणि देई. थांबा कोठे, भाडे किती, दार कोणत्या बाजूला, हे नियम ठरलेले आणि जाहीर असले, तर कोणीही त्या नियमांबरहुकूम कार्ड बनवू शकतो. नियम गुप्त असले, तर फक्त मालकच बनवू शकतो. साऱ्या इतिहासाची किल्ली ह्या एका वाक्यात आहे.

आता मागे जाऊ. यंत्राला बाहेरून पेटी जोडण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे, आणि ती आपल्या ओळखीच्या धंद्यातली आहे. जोसेफ मारी जाकार ह्या फ्रेंच कारागिराने १८०४ च्या सुमारास मागाच्या डोक्यावर बसवावयाची एक यंत्रणा सिद्ध केली. भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे एकापुढे एक ओवलेली असत. जेथे भोक, तेथला आकडा दोरा उचली; जेथे भोक नाही, तेथला दोरा खालीच राही. अशा रीतीने नक्षी विणली जाई. सोलापूरची चादर ज्यांनी विणली आहे त्यांना जॅकार्ड म्हणजे काय हे मी सांगावयास नको. खालचा माग तोच, धोटा तोच, विणकर तोच. वर पेटी चढली आणि साधे कापड विणणारा माग फुले विणू लागला. नक्षी बदलावयाची झाली तर कार्डांची माळ बदलावयाची, माग बदलावयाचा नाही.

भोकांच्या कार्डांची ही कल्पना पुढे हिशेबाच्या यंत्रात आली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ ह्यांच्या यंत्रांनी कार्डे मोजली. त्यांच्या धंद्यातून वाढलेल्या कंपनीने १९२४ साली आयबीएम हे नाव घेतले. ह्या कंपनीची रीत अशी की यंत्र विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे. गिऱ्हाइकाच्या कचेरीत यंत्र उभे असे, पण त्याचा पडदा उचलण्याचा अधिकार कंपनीच्या माणसाचा. अमेरिकेच्या सरकारने दावा लावला आणि १९५६ साली न्यायालयाच्या हुकूमनाम्याने कंपनीला बंधन पडले: यंत्रे भाड्याप्रमाणे विकतही दिली पाहिजेत आणि बाहेरच्या दुरुस्ती करणारांना सुटे भाग मिळाले पाहिजेत. ज्या देशात कंपनी जन्मली त्या देशालाही कायद्याचा हात उगारावा लागला, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात काय झाले? मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः एक संगणक बांधला. १९५६ मध्ये त्याचा लहान नमुना चालू झाला, १९६० मध्ये पूर्ण यंत्र उभे राहिले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याचा प्रत्येक सांधा बांधणाऱ्यांना ठाऊक होता, कारण तो त्यांनीच झाळलेला होता. मात्र कचेऱ्यांत आणि गिरण्यांच्या हिशेबखात्यांत पसरली ती आयबीएमची यंत्रे. परदेशात वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे येथे नीट करून भाड्याने दिली जात. परकी कंपन्यांनी आपला भांडवलातील वाटा घटवावा असा आग्रह १९७३ च्या परकी चलनाच्या कायद्याने धरला. आयबीएमने तो मानला नाही आणि १९७८ साली कंपनी भारतातून गेली. मग तिची यंत्रे चालवावयाची कोणी? हे काम सरकारने १९७५ साली स्थापिलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आले. मालक गेला तरी यंत्रे बंद पडली नाहीत. आपल्याच लोकांनी ती उघडली, समजून घेतली आणि चालविली. ज्या पडद्याला हात लावू नये असे म्हणत, त्याच्या आत पितळ, तांबे आणि तारा होत्या, जादू नव्हती.

जाहीर नियमांचा मार्ग उघडला तो दुसऱ्या बाजूने. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट ह्या कंपनीने १९७० साली पीडीपी-११ नावाचा मध्यम आकाराचा संगणक काढला. त्यातील सामाईक मार्गाचे नाव युनिबस. मेंदू, स्मरण, छपाईयंत्र, तबकड्या, सर्व काही त्या एकाच मार्गावर. मूळ पेटी भरली म्हणजे तोच मार्ग केबलने पुढच्या पेटीत न्यावयाचा. ह्या जादा पेट्या लोखंडी मांडणीत एकावर एक चढविता येत. आपण ज्याला पडवी म्हटले ती येथे धंद्याची नेहमीची वस्तू झाली. प्रयोगशाळेतल्या माणसाला आपले स्वतःचे मोजमापाचे उपकरण ह्या मार्गावर जोडता येई, आणि त्यासाठी त्याने कोणाची परवानगी मागावयाची नव्हती.

१९७५ च्या जानेवारीत एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडावयाचा संगणक झळकला. त्याच्या खाचेला शंभर टोके होती, म्हणून त्या मार्गाला एस-१०० म्हणू लागले. मूळ यंत्र अगदी तुटपुंजे. पण खाच मोकळी असल्यामुळे लहान लहान कारखानदारांनी तिच्यासाठी कार्डे काढली आणि पाहता पाहता एक धंदा उभा राहिला. १९७७ साली अॅपल-२ आला. त्यात किती खाचा ठेवाव्यात ह्यावरून दोघा संस्थापकांत वाद झाला. स्टीव्ह जॉब्झ ह्यांचे म्हणणे, दोन पुरेत. स्टीव्ह वॉझ्निअॅक ह्यांनी आठांचा हट्ट धरला. हट्ट टिकला, आठ खाचा राहिल्या, आणि त्यांतून असे उपयोग निघाले की जे दोघांच्याही मनात नव्हते.

त्याच सुमारास काही स्वस्त यंत्रे बिनखाचांची निघाली. त्यांना वाढवावयाचे तर बाहेरूनच. टीआरएस-८० ह्या यंत्राला चपट्या केबलने जोडावयाची एक पेटी मिळे. तिची जोडणी ढिली पडली की चाललेले काम अर्ध्यावर गारद होई. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ९९/४ए ह्या यंत्राला प्रथम एकामागोमाग एक जोडावयाची उपकरणे होती. टेबलावर आगगाडीचे डबेच उभे राहत. १९८२ साली त्या सर्वांऐवजी आठ खाचांची एक भक्कम लोखंडी पेटी आली. मूळ यंत्रापेक्षा ती पेटीच मोठी आणि जड. लोक हसले, पण कामाला तीच आली.

आयबीएमने स्वतःचा लहान संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. एकेकाळी पडदा न उचलू देणाऱ्या ह्याच कंपनीने आता यंत्राचे नकाशे पुस्तकात छापून विकले. यंत्रात खाचा पाच. त्यांतील दोन-तीन पडद्यासाठी आणि तबकडीसाठी पहिल्याच दिवशी अडत. वीज पुरविणारा भाग, ज्याला आपले दुरुस्तीवाले एसएमपीएस म्हणतात, तो अवघा ६३.५ वॅटचा. म्हणजे खाच शिल्लक असली तरी तीत बसविलेल्या कार्डाला पोसावयाचे कशाने, हा प्रश्न उरेच. म्हणून १९८३ साली, एक्सटी ह्या नव्या यंत्राबरोबर, कंपनीने ५१६१ क्रमांकाची विस्तार-पेटी काढली. मूळ यंत्राच्या एका खाचेत एक कार्ड बसवावयाचे. त्यातून जाड केबल निघे. पेटीतील एका खाचेत तिला स्वीकारणारे कार्ड असे. पेटीला आठ खाचा, आत १० मेगाबाइटची तबकडी, स्वतःचा पंखा आणि स्वतःचा एसएमपीएस. चूल वेगळी, पण घर एक. आजही बाहेरच्या पेटीची रचना मूलतः हीच आहे: दारात एक कार्ड, मध्ये केबल, पलीकडे दुसरे कार्ड, आणि विजेची वेगळी सोय.

इतका वेळ मी परदेशातील गोष्टी सांगितल्या. आता ह्या खाचेशी मराठी माणसाचा काय संबंध, ते सांगतो, कारण माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. १९८० च्या दशकातला लहान संगणक फक्त रोमन अक्षरे जाणत होता. त्यावर पगारपत्रक करता येई, पण गणपत की गणपती हे देवनागरीत लिहिता येत नसे. अक्षरांचा नमुना यंत्राच्या आत कोरलेला. तो बदलावयाचा तर कारखान्यात जावे लागले असते, आणि कारखाना सातासमुद्रापलीकडे. ही कोंडी फुटली ती खाचेतून. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम चालले होते. ते काम पुण्याला १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेत आले, आणि तेथून ‘जिस्ट’ कार्ड देशभर गेले.

हे कार्ड करी काय? संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. १२८ च्या आतले आकडे रोमन अक्षरांनी व्यापलेले. आपल्या अक्षरांना त्यांच्या वरच्या आकड्यांत जागा देणारी ‘इस्की’ ही संहिता १९८८ साली सिद्ध झाली आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. हिशेबाचा कार्यक्रम आपल्या समजुतीने नुसते आकडे पडद्याकडे पाठवी. कार्ड ते वाटेत गाठी, त्यांतून वेलांटी डावीकडे घाली, रफार डोक्यावर चढवी, जोडाक्षर बांधी आणि पडद्यावर शुद्ध देवनागरी उमटवी. मूळ कार्यक्रमाला ह्याचा पत्ताही नसे. ‘क’ चा आकडा सर्व भारतीय लिप्यांत एकच ठेवला असल्यामुळे तेच नाव एक कळ दाबून कानडीत किंवा गुजरातीतही पाहता येई. ज्या कचेऱ्यांत एका मोठ्या संगणकाला अनेक पडदे जोडलेले असत, तेथे यंत्राच्या आत हात घालावयाचा नसे. तेथे जिस्टचा स्वतंत्र टर्मिनल बाहेरून जोडावयाचा. म्हणजे खाच असेल तर खाचेतून, नसेल तर बाहेरच्या पेटीतून, पण भाषा आत शिरलीच.

विचार करा, आयबीएमने १९८१ साली खाच मोकळी ठेवली ती मराठीसाठी नव्हे. त्यांच्या ध्यानीमनीही आपण नव्हतो. पण दार उघडे ठेवणाऱ्याला आत कोण येणार ह्याची यादी आधी करावी लागत नाही. नियम जाहीर होते, म्हणून कानपूर-पुण्याच्या माणसांना कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नाहीत. पुढे १९९१ साली आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरून घेतली. २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरी कार्डाशिवाय दिसू लागली आणि जिस्ट कार्डाचे काम संपले. कार्ड गेले, पण त्यामागची संहितेची मांडणी आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे.

पुण्याच्या ह्याच संस्थेत दुसरी एक पडवी बांधली गेली, आणि ती फार मोठी होती. महासंगणक भारताला देण्यास अमेरिका खळखळ करीत होती. हवामानाच्या कामासाठी एक क्रे यंत्र दिल्लीस आले, पण तेही अटी घालून. तेव्हा डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला. एकच अजस्र मेंदू करावयाचा नाही, तर ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश बनावटीच्या लहान चिपा परस्परांना जोडून एका कपाटात बसवावयाच्या, आणि समोर साधा संगणक यजमान म्हणून ठेवावयाचा, ही त्याची रीत. माणूस बोले तो यजमानाशी. खरे कष्ट मागच्या कपाटात होत. पुढच्याच परम ८६०० मध्ये ह्या रचनेला इंटेलच्या आय ८६० चिपांची जोड दिली गेली. जुने मोडावयाचे नाही, त्याला जोड द्यावयाची. गरिबाच्या संसाराचा हा नियम महासंगणकालाही लागू पडला.

ह्या सर्व काळात कामगार संघटना कोठे होत्या? हा प्रश्न मी टाळणार नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी, विशेषतः कलकत्त्यास, संगणकाला कडवा विरोध केला. यांत्रिकीकरणाचा विचार करण्यासाठी सरकारने पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांत ८ सप्टेंबर १९८३ रोजी व्यवस्थापन आणि संघटना ह्यांच्यात संगणकीकरणाचा पहिला करार झाला. १९८७ आणि १९९३ साली पुढचे झाले. कोणती यंत्रे, कोणत्या कामाला, हे तेव्हा टेबलावर बसून ठरले. ज्यांना हे अडाणीपणाचे वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आपल्या भाकरीबद्दल प्रश्न विचारणे हा अडाणीपणा नव्हे. मात्र त्या वेळी चर्चेचा भर नोकऱ्यांच्या संख्येवर होता. यंत्राचे नियम जाहीर असावेत, दुरुस्ती येथल्या माणसाला करता यावी, जुन्या यंत्रात भर घालता यावी, ह्या मागण्याही भाकरीच्याच मागण्या आहेत. मोकळ्या खाचेने किती हातांना काम दिले ते पाहावयाचे तर मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर जावे. एकाने आणलेला मदरबोर्ड, दुसऱ्याचे कार्ड, तिसऱ्याचे कॅबिनेट, असे जोडून संगणक विकणारी दुकाने तेथे रांगेने उभी राहिली, आणि तेथून माल नेऊन तालुक्याच्या गावी यंत्रे जोडणारी तरुण पोरे तयार झाली. त्यांच्या हाती पदवी नव्हती. पेचकस होता आणि जाहीर नियम होते.

दारे उघडली तशी ती बंद करण्याचे प्रयत्नही झाले. १९८४ चा मॅकिन्टॉश खाचांवाचून आला. तीन वर्षांनी त्याच घराण्यातल्या मॅकिन्टॉश-२ ला सहा खाचा द्याव्या लागल्या. आयबीएमने १९८७ साली जुनी मोकळी खाच सोडून मायक्रो चॅनेल ही नवी काढली आणि तिच्या वापराला परवान्याचे कुंपण घातले. तेव्हा कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कारखानदार १९८८ साली एकत्र आले आणि त्यांनी स्वतःचा मार्ग जाहीर केला. जुनी कार्डे त्यातही चालत. संघटित झाल्यावाचून कुंपण हटत नाही, हा आपला अनुभव कारखानदारांनाही आला म्हणावयाचा! मायक्रो चॅनेल मागे पडला. १९९२ साली पीसीआय आणि २००३ साली पीसीआय एक्स्प्रेस हे मार्ग आले.

पुढे संगणक मांडीवर आला. लॅपटॉपला खाच कोठली? यंत्र पातळ झाले, आतले भाग डाखाने पक्के बसविले गेले आणि भर घालण्याची सोय गेली. मग पुन्हा जुनी पडवी आठवली. इंटेल आणि अॅपल ह्यांनी २०११ साली थंडरबोल्ट ही जोडणी आणली. बोटभर रुंदीच्या छिद्रातून पीसीआय एक्स्प्रेसचा मार्गच केबलने बाहेर येऊ लागला. बाहेरच्या पेटीत चित्राचे मोठे कार्ड बसवून ते लॅपटॉपला जोडण्याचा उद्योग प्रथम हौशी लोकांनी केला. कंपन्यांचा अधिकृत पाठिंबा मागाहून आला. २०१५ च्या थंडरबोल्ट-३ मध्ये वेग सेकंदाला ४० गिगाबिट झाला आणि अशा पेट्या दुकानांत दिसू लागल्या.

ह्या पेटीची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर मी विक्रेता ठरेन. मोठ्या संगणकाच्या आत चित्राच्या कार्डाला सोळा पदरी रस्ता मिळतो; ह्या केबलमधून बहुधा चारच पदर मिळतात. कार्ड तेच, पण वाट अरुंद, म्हणून काही काम रेंगाळते. तयार झालेले चित्र पुन्हा लॅपटॉपच्याच पडद्यावर आणावयाचे तर तोच रस्ता परतीलाही वापरावा लागतो. म्हणून पडदा थेट पेटीला जोडलेला बरा. पेटी आणि तिचा एसएमपीएस ह्यांचा खर्च वेगळा. शिवाय दार मालकाच्या मर्जीवरच असते. अॅपलने बाहेरच्या चित्रकार्डाला २०१८ साली अधिकृत पाठिंबा दिला. २०२० च्या अखेरीस स्वतःच्या चिपांची यंत्रे काढली, त्यांत तो ठेवला नाही. छिद्र तेच, केबल तीच, पेटी तीच; पण आतून कडी लागली. लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या पेट्या नव्या यंत्राला निरुपयोगी झाल्या. दुसऱ्या बाजूला, इंटेलने थंडरबोल्टचे नियम सर्वांसाठी खुले केले आणि त्यांवरून २०१९ साली यूएसबी-४ हे मानक झाले, हेही नमूद केले पाहिजे.

खाचेने किंवा पेटीने सर्वच दुखणी बरी होत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नेहमीचा पाठिंबा बंद झाला. पुढच्या विंडोजने सुरक्षेच्या चिपेची आणि नव्या मेंदूची अट घातली. धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे एका कागदी अटीने म्हातारी ठरली, आणि त्यांना बाहेरून पेटी जोडून उपयोग नव्हता. म्हणून लढाई केवळ खाचेची नाही. आपण घेतलेल्या वस्तूवर आपला ताबा किती, ह्याची आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. पाऊल लहान आहे, पण दिशा बरोबर आहे.

आणि ही दूरची गोष्ट समजू नका. आपल्या म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून पहिला अर्ज परत आला होता. त्या स्त्रियांनी अक्षर शिकून, हिशेब शिकून परवाना मिळविला. ज्या गावातल्या बायकांनी बंद दार असे उघडले, त्या गावाने यंत्राच्या दारापुढे मुकाट उभे राहावे हे शोभत नाही. आपली नगरपालिका, आपल्या शाळा, पतसंस्था, विकास सोसायट्या दरवर्षी संगणक घेतात. घेताना भाव पाहतात, रंग पाहतात, हमीचा कागद पाहतात. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी विचारा. स्मरण किंवा तबकडी वाढवावयाची झाली तर जागा आहे काय? बिघडले तर आपल्या गावचा माणूस ते उघडू शकेल काय? आणि बाहेरची पेटी जोडता येईल असे जाहीर नियमांचे छिद्र त्याला आहे काय? तिन्ही उत्तरे खरेदीच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी उत्तर पुढच्या वर्षी सापडत नाही.

शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला संगणक पाहिला की आपण म्हणतो, जुना झाला. त्याला जुने कोणी ठरविले, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. कधी उत्तर येईल की तो खरोखरच झिजला आहे. मग तो भंगारात जावो. पण पुष्कळदा असे आढळेल की त्यात एका कार्डाची, एका तबकडीची किंवा बाहेरच्या एका पेटीची उणीव आहे. तेवढी भर घालण्यास गावातले एखादे पोर समर्थ असते. त्या पोराला काम मिळेल, शाळेला यंत्र मिळेल आणि त्या यंत्रावर मराठीत लिहिणारी दहा मुले वर्गात बसतील.